चुकलं तर पुढचं कधी? बेल्याहून परदेशी निघताना

बेल्यात कुणालाही विचारा, "इथून जवळचा विमानतळ कुठला?" लगेच उलटा प्रश्न येईल, "कुठं जायचं आहे?" कारण उत्तरं दोन आहेत. उत्तरेला नागपूर, दक्षिणेला हैदराबाद. नांदेड धरलं तर तीन. आदिलाबादला निजामाच्या काळातली धावपट्टी आहे आणि तिथून विमानं उडावीत ही चर्चा मी लहानपणापासून ऐकते आहे. पण अजून तरी तिकीट काढताना ती धरता येत नाही.

बेला म्हणजे तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यातलं मंडलाचं गाव. आदिलाबादहून जैनथमार्गे साधारण तासाभराचा रस्ता. तसंच पुढे गेलं की कोरपना लागतं आणि तुम्ही चंद्रपूर जिल्ह्यात, म्हणजे महाराष्ट्रात असता. पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ. १९५६ साली हैदराबाद राज्याची वाटणी झाली तेव्हा राजुरा आणि किनवट पलीकडे गेले, आदिलाबादबरोबर बेला अलीकडे राहिलं. त्यामुळे आमच्याकडे घरात मराठी, कचेरीत तेलुगू आणि बाजारात जी चालेल ती भाषा. कापूस आदिलाबादला विकायचा, मोठं दुखणं नागपूरला न्यायचं, मुलं शिकायला हैदराबादला पाठवायची. दोन दिशांना तोंड करून जगायची गावाला सवयच आहे.

मी लग्नानंतर मँचेस्टरला आले, त्याला आता अकरा वर्षं झाली. या काळात आई-बाबांची, सासूबाईंची आणि आमची मिळून बरीच तिकिटं काढली. आपल्या मंडळातल्या अनेक जणींची गावं अशीच आहेत: कुणाचं उमरखेड, कुणाचं अहेरी, कुणाचं सावंतवाडीजवळचं खेडं. विमानतळ ते विमानतळ प्रवास सगळ्यांना जमतो. अडतं ते मधल्या जोडांवर. एक विमान सोडून दुसरं धरायचं, त्या मधल्या वेळाला आपण लेओव्हर म्हणतो. तो किती ठेवायचा, कुठे ठेवायचा, याबद्दल जे कळत गेलं ते इथे लिहिते आहे.

प्रवास दारापासून मोजायचा

तिकिटाच्या संकेतस्थळावर "नागपूर ते मँचेस्टर" टाकलं की तासांचा आकडा येतो. त्या आकड्यात बेला नसतं. आमच्या दारापासून नागपूरचा विमानतळ गाडीने साडेचार ते पाच तास: आधी आदिलाबाद, मग राष्ट्रीय महामार्ग ४४, पांढरकवडा, हिंगणघाट, जाम, बुटीबोरी. हैदराबादचा विमानतळ शमशाबादला, म्हणजे शहराच्या पार दक्षिणेला. आम्ही उत्तरेकडून येतो, तेव्हा निर्मल, कामारेड्डी ओलांडून वर बाह्य वळणरस्त्याचा अर्धा फेरा घालावा लागतो. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, सहा ते सात तास.

हा रस्ता म्हणजे प्रवासातलं पहिलं विमानच समजायचं. तेही उशिरा सुटू शकतं, रद्दही होऊ शकतं. पावसाळ्यात पैनगंगा चढली की डोल्लाराजवळच्या पुलावरची वाहतूक थांबवायची वेळ येते, आणि मग नागपूरकडे जाणारी वाहनं रांगेत उभी राहतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटे महामार्गावर धुकं असतं. आमच्याकडे म्हणूनच एक साधा हिशेब ठरला आहे. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी विमानतळावर, त्याच्या आधी रस्त्याचे पाच तास, आणि त्याच्याही आधी तीन तास राखीव. समजा विमान पहाटे चारला आहे. एकला पोचायचं म्हणजे रात्री आठला निघून चालेल असं कागद सांगतो. आम्ही दुपारी पाचला निघतो. वाटेत काही झालं नाही तर नागपुरात मावशीकडे जेवण होतं, आईला तासभर पाठ टेकता येते. झालंच काही, तर त्या तीन तासांत निभतं.

जून ते सप्टेंबरमध्ये जायचं असेल तर आदल्या दिवशीच शहर गाठायचं. हैदराबादहून निघायचं असेल तर बाराही महिने. आदिलाबादहून कृष्णा एक्स्प्रेस हैदराबादकडे जाते. पूर्वी आमच्याकडचे लोक तिकडे गेले की सुलतान बाजार, काचिगुडा भागात कुणा नातेवाइकाकडे उतरत. तो जुना मराठी शेजार, १९०७ सालची विवेक वर्धिनी शाळा तिथलीच. आता नातेवाईक शहरभर पांगले आहेत. पण एका रात्रीचा मुक्काम हा खर्च नसून प्रवासाचा भाग आहे, हे त्या पिढीला सांगावं लागत नव्हतं. पंढरीच्या वारीत मुक्कामाची गावं ठरलेली असतात; मुक्काम झाला म्हणून वारी लांबली असं कुणी म्हणत नाही.

एक तिकीट की दोन?

सगळ्यात मोठा प्रश्न हाच. देशांतर्गत विमानाचं तिकीट वेगळं काढायचं आणि परदेशी विमानाचं वेगळं, की सगळा प्रवास एकाच बुकिंगमध्ये? वेगळं काढलं तर बरेचदा पाच-दहा हजार वाचतात. पण त्या दोन तिकिटांच्या मधला जोड कुणाचाच नसतो.

एकाच तिकिटावर पहिलं विमान उशिरा पोचलं आणि दुसरं सुटलं, तर पुढच्या विमानात बसवून देणं हे विमान कंपनीचं काम असतं. वेगवेगळ्या तिकिटांवर तसं झालं तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त "आला नाहीत". आणि एकदा "आला नाहीत" अशी नोंद झाली की त्या तिकिटावरचे पुढचे टप्पे, परतीचं विमानसुद्धा, आपोआप रद्द होऊ शकतात. म्हणजे नागपूर-मुंबईच्या दोन तासांच्या उशिरापायी सहा महिन्यांनंतरचा परतीचा प्रवासही जातो. हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

दुसरं, सामान. एकाच तिकिटावर परदेशी जाताना बॅग सहसा नागपूरला दिली की थेट शेवटच्या विमानतळावर मिळते. वेगवेगळ्या तिकिटांवर ती मध्येच उतरवून घ्यावी लागते, बाहेर यावं लागतं, पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं. भारतातल्या साध्या देशांतर्गत तिकिटावर बहुधा पंधरा किलोच सामान नेता येतं. परदेशी तिकिटावर त्याहून बरंच जास्त. आईच्या बॅगेत डाळ, मेतकूट, तिखट आणि नातवासाठी शिवलेल्या गोधड्या असतात. वरच्या प्रत्येक किलोचे पैसे भरताना ती वाचलेली पाच हजारांची बचत कुठे जाते ते कळत नाही. आणि असा जोड परदेशातल्या विमानतळावर असेल, तर बॅग घ्यायला त्या देशात प्रवेश करावा लागतो; त्यासाठी व्हिसा लागू शकतो. अमेरिकेत तर नुसतं विमान बदलायचं असलं तरी भारतीय पासपोर्टवाल्याला व्हिसा हवाच.

माझ्या धाकट्या मुलाच्या वेळी आई एकटी आली. ती पहिल्यांदाच विमानात बसणार होती. मराठी चांगलं, तेलुगू कामापुरतं, हिंदी बाजारापुरतं, इंग्रजी नाही. आणि गोड कमी करायच्या गोळ्या चालू. आम्ही तीन पर्याय मांडले. नागपूर-मुंबई आणि पुढे वेगळं तिकीट, सगळ्यात स्वस्त. हैदराबादहून दुबईमार्गे, तिकीट एक पण रस्ता लांब. नागपूरहून दोहामार्गे, तिकीट एक, विमान बदलणं एकदाच. शेवटचा घेतला. त्यातही दोह्यात पावणेदोन तास मिळणारं विमान होतं आणि चार तासांचंही. मी चार तासांचं घेतलं.

आई फोनवर म्हणाली, "काऊन वं, चार घंटे तिथं बसून काय करू मी?"

मी म्हटलं, "काही करू नकोस आई. खुर्चीवर बस, गोळी घे, डबा खा."

कंपन्या विकतात तो सगळ्यात कमी वेळ हा चालू-फिरू शकणाऱ्या, पाट्या वाचता येणाऱ्या माणसाचा असतो. आईसाठी व्हीलचेअर मागितली होती. ती चालू शकते, पण व्हीलचेअर म्हणजे सोबत एक माणूस, आणि तो माणूस म्हणजे वाट दाखवणारा. ही मदत आधी कळवून ठेवायची, निदान अठ्ठेचाळीस तास आधी. मात्र ज्यांना व्हीलचेअर हवी त्यांना एकामागून एक नेतात. त्यात वेळ जातो. मधल्या विमानतळावर पुन्हा सुरक्षा तपासणी असते, तिथेही रांग. चार तासांतला दीड तास असाच गेला, असं आईने नंतर सांगितलं. पावणेदोन तासांत तिची दमछाक झाली असती.

एक तिकीट असलं की काहीच बिघडत नाही, असं मात्र नाही. २३ जून २०२५ ला कतारने आपलं हवाईक्षेत्र काही तास बंद केलं आणि कितीतरी विमानं वळवावी लागली. अशा वेळी फरक एवढाच, की अडकलेल्या माणसाला पुढे नेण्याची जबाबदारी कुणावर आहे हे स्पष्ट असतं.

लहान विमानाचा भरवसा

बेल्याच्या लोकांना नांदेडचं विमान मोह घालतं. २७ एप्रिल २०१७ ला "उडान" योजनेतली पहिली विमानं सुटली, त्यात सिमला-दिल्लीबरोबर नांदेड-हैदराबादही होतं. आमच्याकडे त्याचं फार कौतुक झालं. मग ती विमान कंपनी २०२२ मध्ये बंद पडली, नांदेडचा विमानतळ शांत झाला, आणि २०२४ मध्ये दुसऱ्या कंपनीची विमानं पुन्हा सुरू झाली.

लहान विमानसेवा वाईट असते असं मला म्हणायचं नाही. ती लहान गावांसाठी फार मोलाची आहे. पण तिचा स्वभाव ओळखायला हवा. सत्तर-पंचाहत्तर आसनांचं विमान, दिवसातून एक फेरी, कधी आठवड्यातून काही दिवसच. तेच विमान दिवसभरात चार गावं फिरतं. सकाळी एका गावात उशीर झाला की संध्याकाळपर्यंत तो वाढत जातो. आणि रद्द झालं तर पुढचं विमान दोन तासांनी नसतं, उद्या असतं किंवा परवा.

म्हणून लेओव्हर किती तासांचा ठेवावा, यापेक्षा वेगळा प्रश्न विचारायचा: हे चुकलं तर पुढचं कधी? नागपूर-मुंबईसारख्या मार्गावर दिवसाला अनेक विमानं आहेत. तिथे पाच-सहा तासांचं अंतर पुरावं. जिथे दिवसाला एकच आहे, तिथे अंतर एका रात्रीचंच हवं. आदल्या दिवशीचं लहान विमान घ्यायचं, रात्री मोठ्या शहरात राहायचं, दुसऱ्या दिवशी परदेशी विमान धरायचं.

घरी परतताना मात्र उलटं. परदेशी विमान पहाटे उतरतं आणि नांदेडचं विमान दुपारी किंवा दुसऱ्या दिवशी, असं असेल तर त्याच्यासाठी खोळंबून राहण्यापेक्षा गाडीने निघालेलं बरं. सहा-सात तासांत माणूस घरी असतो, वाटेत निर्मलला चहा होतो.

मुंबईत उतरलं म्हणजे पोचलं असं नाही

परदेशातून येताना भारतातल्या पहिल्या विमानतळावर पासपोर्ट तपासणी आणि कस्टम्स होतात. बॅग शेवटपर्यंतची असली तरी ती इथे बहुधा घ्यावी लागते, कस्टम्समधून न्यावी लागते आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा द्यावी लागते. तीन-चार मोठी विमानं एकदम उतरली तर यातच दोन तास जातात. देशांतर्गत विमानाची चेक-इन खिडकी सुटण्याच्या साधारण तासभर आधी बंद होते. म्हणजे कागदावरचे तीन तास प्रत्यक्षात दोनच.

त्यात टर्मिनलचा घोळ. मुंबईत टर्मिनल दोनवर परदेशी विमानं उतरतात. देशांतर्गत विमान त्याच इमारतीतून सुटेल किंवा सांताक्रूझच्या टर्मिनल एकमधून. दोन्हींच्या मध्ये मुंबईचा रस्ता आहे. आता भर म्हणजे नवी मुंबईचा विमानतळ. त्याचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं आणि त्या वर्षाच्या अखेरीस तिथून विमानं सुटू लागली. शोधताना "मुंबई" टाकलं की दोन्ही विमानतळांची विमानं एकत्र दिसू शकतात. नागपूरहून नवी मुंबईला उतरायचं आणि परदेशी विमान सहारहून, असं तिकीट स्वस्त दिसेल. पण मध्ये खाडी आहे, पूल आहे आणि संध्याकाळची वाहतूक आहे. पैसे भरण्याआधी दोन्ही टप्प्यांवर विमानतळाचं पूर्ण नाव आणि टर्मिनलचा आकडा वाचायचा. दिल्लीत टर्मिनल एक आणि तीन यांच्यातही असंच अंतर आहे, आणि तिथे डिसेंबर-जानेवारीचं धुकं वेगळं.

घाईचा प्रवास

आजवर लिहिलं ते ठरवून केलेल्या प्रवासाचं. पण आपल्यापैकी प्रत्येकाच्या मनात आणखी एका प्रवासाची धास्ती असते. रात्री फोन वाजतो, आणि तासाभरात निघायचं असतं.

मला तो फोन एका जानेवारीत आला. आजी पडली होती, आदिलाबादच्या दवाखान्यातून घरी आणलं होतं, आणि बाबा एवढंच म्हणाले, "येता आलं तर ये." अशा वेळी डोळे सगळ्यात आधी पोचणाऱ्या विमानाकडे जातात. ते होतं दिल्लीमार्गे: दिल्लीत तीन तास, मग नागपूरचं वेगळ्या तिकिटावरचं सकाळचं विमान, दुपारी चारपर्यंत बेला. दुसरं होतं दुबईमार्गे हैदराबाद, एकच तिकीट; पुढे रस्ता, आणि पोचायला रात्रीचे नऊ. कागदावर पाच तासांचा फरक. त्या पाच तासांत काय होईल ते कुणीच सांगू शकत नव्हतं.

माझा हात दिल्लीवरच होता. नवऱ्याने विचारलं, "दिल्लीचं चुकलं तर पुढचं कधी?" पाहिलं, तर त्या दिवशी नागपूरच्या एकाही विमानात जागा उरली नव्हती. मी दुबईचं तिकीट काढलं. मामेभाऊ बेल्याहून गाडी घेऊन शमशाबादला आधीच येऊन थांबला होता. रात्री साडेनऊला घरी पोचले. त्या सकाळी दिल्लीत दाट धुकं होतं आणि विमानं कित्येक तास खोळंबली, हे दुसऱ्या दिवशी बातम्यांत कळलं.

आजी जागी होती. तिने हात चाचपून पाहिला आणि म्हणाली, "जेवली का?" नंतर ती नऊ दिवस होती.

धुकं पडलं नसतं तर दिल्लीचं विमान मला लवकर घेऊन गेलं असतं, हेही खरं. पण अशा प्रवासात लवकर पोचण्यापेक्षा नक्की पोचणं मोठं असतं. घाईत हे सुचत नाही. म्हणून माझं म्हणणं आहे, की शांत असताना, आजच, घरच्या गावचा मार्ग ठरवून ठेवा. आपल्या शहरातून एका तिकिटावर कुठल्या विमानतळापर्यंत जाता येतं, तिथून घर किती तास, न्यायला कोण येईल, पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड कुठल्या कप्प्यात आहे. एवढं एका कागदावर लिहून ठेवलं की त्या रात्री फक्त तारीख घालायची उरते. विमानांची वेळापत्रकं बदलत राहतात, तेव्हा वर्षातून एकदा तो कागद तपासायचा.

थांब्यासाठी आईची पिशवी

आईच्या खांद्यावरच्या पिशवीत आता ठरलेल्या वस्तू असतात. दोन दिवसांची जास्तीची औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी. एक शाल, कारण विमानतळ फार गार असतात. दशम्या आणि कोरडी चटणी. लोणचं मोठ्या बॅगेत. आणि दोन कागद. पहिला तिच्यासाठी, मराठीत मोठ्या अक्षरांत: विमानाचा क्रमांक, कुठे उतरायचं, किती वाजता, कुणाला फोन करायचा. दुसरा इंग्रजीत, दाखवण्यासाठी: मला इंग्रजी येत नाही, मला अमुक विमान धरायचं आहे, माझ्या मुलीचा नंबर हा. परदेशी पोचताना विमानतळावर फोन चालेलच असं नाही, कागद नेहमी चालतो.

तिच्या तीन फेऱ्या झाल्या आहेत. आता गल्लीतलं कुणी लेकाकडे किंवा लेकीकडे निघालं की आधी आमच्या ओसरीवर येतं. तिकिटाची छापील प्रत आई चष्मा लावून बघते. इंग्रजी अक्षरं तिला लागत नाहीत, पण वेळेचे आकडे लागतात. दोन वेळांच्या मधल्या जागेवर ती बोट ठेवते आणि विचारते, "हे हुकलं, तर मंग दुसरं कवा हाये?" उत्तर पटलं नाही तर तिकीट बदलून आणायला सांगते.